मदत हवी आहे: पावरीची मापं दुसऱ्याला द्यावीत का?

साक्री तालुक्यातल्या एका कारागीर बाबांकडून दोन वर्षांपूर्वी पावरी (भोपळा आणि बांबूच्या नळ्यांचं, फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य) घेतली. भोपळा तडकला तर दुरुस्त करता यावी म्हणून त्यांच्या परवानगीने मापं टिपली: बांबूच्या नळ्यांची लांबी, आतला व्यास, भोकांमधली अंतरं. बाबा स्वतः पट्टी वापरत नाहीत, बोटं टेकवून खूण करतात. आतली जीभ (फुंकल्यावर थरथरून आवाज काढणारी पातळ पात) किती तासायची, हे मात्र त्यांनी मला शेजारी बसवून, दोन जिभा फुकट घालवून दाखवलं.

आता धुळ्याचा एक ओळखीचा ही सगळी मापं मागतोय. पावऱ्या बनवून विकणार आहे.

कायद्याचं पाहिलं. डिझाइन कायदा, २००० मध्ये नोंदणी केली तरच संरक्षण, तेही जास्तीत जास्त १५ वर्षं. बाबांची नोंदणी नाही आणि आकार तर पिढ्यान्‌पिढ्यांचा. म्हणजे अडवणारं कोणी नाही, तरी मनाला पटत नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, "तू शिकेल शे, तूच ठरव" (म्हणजे तुझं शिक्षण झालंय, तूच ठरव). याला मी होकार मानत नाही.

ओळखीचा बाबांचं नाव लावायला तयार आहे, पैसे द्यायला नाही. डोंगऱ्यादेवाच्या आदिवासी उत्सवाच्या सुमाराला खपणाऱ्या चार-दोन पावऱ्या, एवढीच बाबांची यातली कमाई.

वाद्य बनवणाऱ्यांनी कृपया सांगावं: विकत घेतलेल्या वाद्यावरून कोणालाही घेता येतील अशी मापं आणि विश्वासाने दाखवलेली जीभ, यांत तुम्ही फरक करता का? पहिली दिली तर चालेल, की बाबांच्या स्पष्ट होकाराशिवाय काहीच देऊ नये?