सातव्या मजल्यावर स्प्रिंगचा नळ चालेल का?

बी-७०२: नमस्कार मंडळी. आमच्या स्वयंपाकघराचं काम सुरू आहे. जुना कडप्पा निघाला, सोमवारी ग्रॅनाइटचा नवा ओटा बसतोय. सिंकवर हॉटेलात असतो तसा उंच, स्प्रिंगचा, खाली ओढून फवारा मारता येणारा नळ घ्यायचं मनात आहे. दुकानात ४ हजारांपासून १८ हजारांपर्यंतचे दाखवले, पण फरक काय ते कुणी नीट सांगेना. ओट्याला भोक पाडायचं की नाही हे मिस्त्रींना शनिवारपर्यंत सांगायचंय. कुणाकडे असेल तर खरा अनुभव सांगा, प्लीज.

ए-३०४: ताई, आमच्याकडे दीड वर्ष झालं. पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी हाच घेईन. परात, कढई, मोठा कुकर सिंकमध्ये गोल गोल फिरवत बसावं लागत नाही, फवाराच फिरवायचा. इडलीपात्राच्या भोकांत अडकलेलं पीठ समोरून एकदा मारलं की निघतं. शेवटी सिंकचे कोपरेही त्यानेच धुतले जातात.
पण स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये साबणाचा तेलकट थर बसतो. फडक्याने निघत नाही, जुना टूथब्रश घेऊन बसावं लागतं. दर रविवारी मी ते करते. नाही केलं तर पंधरा दिवसांत हाताला चिकट लागायला लागतं.

बी-७०१: ७०२, आपल्या मजल्याचं मी सांगते. आम्ही गेल्या दिवाळीला घेतला आणि मनापासून वाईट वाटतं. बटण दाबलं की धारेचा फवारा व्हायला हवा ना? आमच्याकडे दाबून धरलं तरच होतो. बोट काढलं की लगेच परत धार. प्लंबर म्हणाला, नळात दोष नाही, पाण्याला जोरच नाही. ९ हजार गेले. सिंकवर दिसतो छान, भांडी मात्र आम्ही धारेखालीच विसळतो.

बी-७०२: अरे बापरे. बरं झालं सांगितलंत.

ए-६०३: प्रश्न विचारू का? आमच्या सिंकच्या मागे खिडकी आहे. एवढा उंच नळ बसवला तर काच सरकते का?

ए-३०४: आमच्या सिंकमागे भिंत आहे. पण वर ताटाळं होतं, ते दीड वीत वर घ्यावं लागलं. नळ ओट्यापासून जवळपास २० इंच उभा राहतो आणि नळी ओढली की स्प्रिंग पुढे झुकून परत मागे येते. तेव्हा मागे-पुढेही जागा सोडा.

ए-१०३: आत्ता मेसेज वाचले. २२ वर्षं केटरिंग केलं, असले नळ किती बसवले आणि किती बदलले याची गणती नाही. थोडं लांब लिहितो, पण पूर्ण वाचा.
भांड्यांची तीन कामं असतात. खरकटं काढणं, घासणं, विसळणं. हॉटेलातला फवारा पहिल्या कामासाठी असतो. ताट त्याच्याखालून निघून सरळ मशीनमध्ये जातं, पुढचं सगळं मशीन करतं. त्यामुळे त्याची धार जोरदार लागते, चिकटलेला भात उडाला पाहिजे. आपल्या घरी खरकटं आधी हाताने डब्यात जातं, मग घासणी फिरते आणि पाणी खरं लागतं ते विसळायला. विसळायला जोर नको, पसरट आणि भरपूर पाणी हवं. जोराची बारीक धार डावाच्या खोलगट बाजूवर किंवा पळीवर पडली की पाणी थेट पोटावर आणि मागच्या भिंतीवर. सिंक ९-१० इंच खोल असेल तर निभावतं. ७ इंची सिंकवर हा नळ बसवूच नका.
दुकानात दोन जातीचे नळ एकाच शेल्फवर ठेवतात. पहिला खरा हॉटेलचा. त्याला पिस्तुलासारखा खटका असतो, दाबला तरच पाणी. दुसरा घरगुती, नुसता तसा दिसणारा. त्याला बाजूला दांडी असते आणि तोंडाशी धार-फवाऱ्याचं बटण. खटक्याच्या नळात मूळ कॉक उघडा ठेवून खटक्यानेच पाणी बंद करायची सवय लागते. मग नळीवर दिवसरात्र दाब राहतो आणि एक दिवस नळी जोडापाशी फाटते. आमच्या किचनमध्ये रोज रात्री शेवटच्या माणसाने कॉक बंद करायचाच असा नियम होता. एकदा राहिला. सकाळी शटर उघडलं तर पिठाची पोती पाण्यात. घरगुती प्रकारात दांडीनेच पाणी बंद होतं, नळीवर दाब राहत नाही. घरासाठी मी दुसराच सांगेन.
आणखी एक. गीझरचं कनेक्शन देणार असाल तर खटक्याचा मुळीच नको. गरम-गार दोन्ही कॉक उघडे राहिले आणि खटका बंद असला की दोन्ही पाणी नळाच्या पोटात एकमेकांत घुसतं. गार कॉक सोडला तरी कोमट पाणी, हा त्रास आम्ही महिनाभर शोधत होतो.

बी-७०२: काका, हे एवढं तर दुकानदारालाही माहीत नव्हतं. गीझरचं कनेक्शन आहे आमचं. म्हणजे खटक्याचा रद्द.

ए-३०४: काका, आमचा दांडीचाच आहे. मग ठीक ना?

ए-१०३: एकदम ठीक. आणि तुमचा मजला तिसरा, तिथेच खरी गंमत आहे.

ए-६०३: गच्चीच्या टाकीचा हिशेब मी सांगतो, हे माझ्या कामातलं आहे. पाण्याच्या पातळीपासून नळापर्यंत जेवढी उंची, तेवढाच दाब. १० मीटरला साधारण १ बार. आपली टाकी गच्चीवरच्या बैठ्या चौथऱ्यावर आहे. सातव्या मजल्यावरच्या सिंकच्या नळापासून भरलेल्या टाकीतलं पाणी जेमतेम ४ मीटर वर. म्हणजे ०.४ बार. एक मजला ३ मीटरचा धरा, तिसऱ्या मजल्याला आणखी १२ मीटर मिळतात, तिथे १.६ बार. नळाच्या खोक्यावर बारीक अक्षरात कमीत कमी किती दाब लागतो ते छापलेलं असतं. फवाऱ्याच्या नळांना बहुतेक वेळा अर्धा ते १ बार मागतात. ७०१ ताईंचं बटण टिकत नाही ते यामुळेच. ते पाण्याच्या दाबाने धरून ठेवलेलं असतं.

बी-७०१: आता कळलं. दुकानात कुणी मजला विचारलाच नाही.

ए-२०२: माझी बहीण न्यू जर्सीहून पुढच्या महिन्यात येतेय, ती म्हणते तिकडून आणू का? तिच्याकडचा अप्रतिम चालतो.

ए-६०३: नको म्हणा. अमेरिकेत १९९४ पासून स्वयंपाकघरातल्या नळाला २.२ गॅलनची मर्यादा आहे, मिनिटाला सुमारे ८.३ लिटर. आणि तो आकडा ६० पीएसआयला मोजलेला, म्हणजे ४ बारच्या थोडा वर. त्यांच्या घरात दाब मुळातच जास्त. दाब दहापट कमी झाला की पाणी साधारण तिसऱ्या हिश्शावर येतं. तोच नळ सातव्या मजल्यावर मिनिटाला अडीच लिटरच्या आसपास देईल. शिवाय त्यांच्या नळ्यांचा जोड ३/८ इंची, आपला अँगल कॉक अर्धा इंची, आटेही वेगळे. अॅडॉप्टर शोधत फिरावं लागेल.

बी-४०२ (सेक्रेटरी): एक विनंती. दाब कमी म्हणून कुणी परस्पर प्रेशर पंप लावू नये. गच्चीवरून येणारी लाइन सामाईक आहे. एका घरात पंपाने पाणी ओढलं की त्याच लाइनवरच्या बाकीच्यांचं कमी होतं. वरच्या दोन मजल्यांसाठी टाकीपासून स्वतंत्र लाइन आणि एकच पंप, हा विषय मी पुढच्या मीटिंगमध्ये घेतो. तोपर्यंत थांबा.

बी-७०१: नक्की घ्या, सर. हा विषय दोन वर्षं राहिलाय.

ए-१०३: ७०२ ताई, आता सातव्या मजल्यासाठी खास. टाकी रिकामी झाली किंवा धुवायला बंद केली की खालच्या मजल्यावर कुणी नळ उघडला तरी लाइन वरून ओढ घेते. तेव्हा सगळ्यात वरच्या घरातला फवारा साबणाच्या पाण्यात बुडालेला असेल तर ते घाण पाणी लाइनमध्ये शिरतं आणि खालच्यांच्या पिण्याच्या नळाला येतं. हॉटेलच्या नळाला स्प्रिंग दिलेली असते त्याचं हेही एक कारण. हात सोडला की तोंड आपोआप वर जातं, सिंकच्या काठाच्या वर लटकतं. म्हणून ढिली स्प्रिंग घेऊ नका. दुकानात ओढून सोडून बघा. सोडल्यावर तोंड सिंकच्या काठापेक्षा किमान इंचभर वर राहायलाच हवं. आणि नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे का ते विचारा.

बी-७०२: हे तर माझ्या डोक्यातही नव्हतं.

ए-१०३: आधी एक करा. १ लिटरचं माप घ्या, आत्ताच्या नळाखाली धरा, पूर्ण सोडा, मोबाइलवर सेकंद मोजा. सकाळी टाकी भरल्यावर एकदा आणि संध्याकाळी सातला एकदा. १० सेकंदांत भरलं तर मिनिटाला ६ लिटर, छान. २० सेकंद लागले तर फवारा विसरा. आणि दुकानात जाताना घरी भांडी घासणाऱ्या माणसाला बरोबर न्या. हात त्यांचे आहेत.

ए-६०३: नळ सिंकच्या पत्र्यात बसवू नका, मागच्या ग्रॅनाइटमध्ये बसवा. पातळ पत्रा एवढ्या उंच, जड नळाने हलतो, मग खालून गळायला लागतं. भोक ३५ मिलिमीटरचं.

बी-७०२ (शनिवार): सगळ्यांना सांगते काय झालं. सकाळी १ लिटरला १७ सेकंद, संध्याकाळी २१. मन खट्टू झालं. मग काकांना फोन केला. ते म्हणाले, नळाच्या तोंडाची जाळी काढून बघितली का? मी कधीच काढली नव्हती. नाण्याने फिरवून काढली तर आत पांढऱ्या चुन्याचा कडक पापुद्रा, टेफ्लॉन टेपचा एक तुकडा आणि रेतीचे चार-पाच कण. एप्रिल-मेमध्ये टँकरचं पाणी येतं ना, त्याचंच ते. जाळी लिंबाच्या पाण्यात अर्धा तास ठेवली, ब्रशने घासली. पुन्हा मोजलं, सकाळचे १७ चे ११ सेकंद झाले!
काल सासूबाईंना घेऊन बोहरी आळीत गेले. घरात भांडी त्याच घासतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. खटक्याचा नळ त्यांनी हातात घेतला आणि दोन-चार वेळा दाबून सोडून दिला. संधिवाताने बोटं वाकली आहेत, खटका पूर्ण दाबलाच जाईना. म्हणाल्या, "दिसतो मोठ्या हॉटेलातला, पण मला पाच भांडी घासेपर्यंत हात भरून येईल." मग भिंतीतल्या लांब मानेच्या नळाकडे वळल्या. तोंड वळणारं, धार आणि फवारा दोन्ही, ते बोटाने फिरवून बदलायचं, दाबून धरायचं काम नाही. पितळी आहे, हातात वजन लागतं. २,८०० रुपये. फवाऱ्याची भोकं रबरी आहेत, चुना बसला की अंगठा फिरवला तरी निघतो.
तोच घेतला. ओट्याला भोक पाडलं नाही. मिस्त्रींना सांगून सिंकपर्यंतची अर्ध्या इंचाची लाइन पाऊण इंची करून घेतेय, ओटा उघडाच आहे तोवर.

ए-१०३: उत्तम केलंत. पाऊण इंचीने वरच्या मजल्यावर फरक पडतो, दाब कमी असला की बारीक पाइप फार अडवतो.

ए-३०४: आमच्याकडेही लिंबाचं पाणी केलं. दोन भोकं बंद होती, सुटली. सासूबाईंना नमस्कार सांगा.

बी-७०१: मी पण आज उघडलं. आमच्या नळीच्या जोडात जाळीचा वॉशर होता, तो अर्धा बुजलेला. साफ केला. सकाळी टाकी भरलेली असताना बटण आता टिकतंय, हात सोडून परात विसळली. संध्याकाळी टाकी अर्धी झाली की पुन्हा धारेवर येतं. सेक्रेटरी साहेब, मीटिंग कोणत्या रविवारी?

बी-४०२ (सेक्रेटरी): येत्या रविवारी, सकाळी १० वाजता. ७०१, ७०२, तुमचे सेकंदांचे आकडे कागदावर लिहून आणा, मिनिट्समध्ये लावतो.