थारला मागचा बंपर: पाइपचा की प्लेटचा? अनुभव असेल तर सांगा

चिखल्या_पुणे
नमस्कार मंडळी, गाडी २०२१ ची थार, पेट्रोल ऑटोमॅटिक, हार्डटॉप. मागच्या महिन्यात मुळशीच्या पुढे एका ओढ्यातून वर चढताना मागचा प्लास्टिकचा बंपर दगडावर बसला आणि डाव्या कोपऱ्यातून असा फाटला की आतल्या क्लिपा बाहेर लोंबायला लागल्या. सध्या दोन झिपटायवर चालवतोय, बायको म्हणते भाजीची पिशवी बांधल्यासारखं दिसतंय.

आता नवीन घ्यायचाच आहे तर स्टीलचा घ्यावा म्हणतोय. समोर दोन पर्याय आहेत. एक साधा पाइपचा. दुसरा पूर्ण प्लेटचा, त्याला स्टेपनीचा बाजूला उघडणारा स्टँड, जेरीकॅनची जागा, टो-बॉल (ट्रेलर अडकवायचा गोळा) सगळं येतं, दिसायला एक नंबर आहे खरं सांगतो. ऑनलाइन मागवायचा. वापर म्हणाल तर आठवडाभर हिंजवडी, महिन्यातून एकदा चिखल, वर्षातून दोनदा कोकण. बजेट ३०-३५ हजार. काय करू?

जिप्सीकाका
दिसायला एक नंबर इथेच सगळे फसतात रे बाबा. मीपण फसलो होतो, माझ्या जिप्सीला असाच रणगाड्यासारखा बंपर लावला होता. जिप्सी मुळात टनाच्या आतली गाडी, तिला मागून एवढं लोखंड बांधल्यावर चढावर स्टिअरिंग इतकं हलकं व्हायचं की चाक वळवलंय का नाही तेच कळायचं नाही. वर्षभरात काढून टाकला.

तुझ्या थारचा हिशोब करून बघ. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४५० मिमी. समजा ७० किलोचा सेट मागच्या अॅक्सलच्या ९० सेंटिमीटर मागे लटकवला, तर पुढच्या चाकांवरचं वजन साधारण २५ किलोने कमी होतं आणि मागच्यांवर ९५ ने वाढतं. म्हणजे तू ७० किलो लावलेस पण मागच्या स्प्रिंगला ते ९५ लागतात. त्यात मागे दोन पोरं आणि सामान. गाडी बसली की मागचा कोन (मागच्या टायरपासून बंपरच्या खालच्या टोकापर्यंतचा, तो जितका मोठा तितका बंपर कमी आपटतो) गेला, आणि ज्या दगडावर आपटू नये म्हणून बंपर घेतलास त्याच दगडावर तो आधी आपटणार.

कंपनी हा कोन, म्हणजे डिपार्चर अँगल, ३६.८ अंश सांगते. घरी मोजायची सोपी रीत सांगतो. सपाट जागी गाडी लाव, एक सरळ फळी घे, तिची एक बाजू मागच्या टायरला खालून टेकव आणि दुसरी बंपरच्या सगळ्यात खालच्या टोकाला, आणि फळीवर मोबाईल ठेवून त्यातल्या लेव्हलच्या अॅपवर कोन वाच. आधी प्लास्टिकचा बंपर असताना मोज, मग जो घेणार आहेस तो लावलेल्या कुणाच्या तरी गाडीवर मोज. टो-बॉलचा हुक खाली ८ सेंटिमीटर जरी लोंबला तरी चारपाच अंश सहज जातात. फोटोत हे कध्धीच दिसत नाही.

भोसरी_फॅब
काकांशी सहमत. मी हेच काम करतो, पण जाहिरात करत नाही, मला विचारायला येऊही नका 😄

३ एमएम पत्र्याचा एक चौरस मीटर म्हणजे साडेतेवीस किलो, ५ एमएम घेतला तर एकोणचाळीसच्या वर. लोक येतात आणि म्हणतात दादा, पाच एमएममध्ये बनवा, मजबूत पाहिजे. अरे मजबुती पत्र्याच्या जाडीत कमी आणि बेंडमध्ये, आतल्या रिबमध्ये आणि ब्रॅकेटमध्ये जास्त असते. ३ एमएमला दोन घड्या नीट घातल्या तर तो पाचच्या सपाट पत्र्यापेक्षा चांगला उभा राहतो. जाड प्लेट लावायची तर ती चॅसीला धरणाऱ्या ब्रॅकेटला लावा.

विकत घेताना बंपर उलटा करून मागून बघायचा. पुढून सगळेच पावडर कोटिंग मारून चमकवतात. मागे वेल्डिंग सलग आहे का नुसते टाके आहेत, ब्रॅकेट चॅसीच्या मूळ भोकांवर बसतो का नवीन भोकं पाडायला सांगतात, बोल्टच्या डोक्यावर ८.८ (मजबुतीची ग्रेड) लिहिलंय का, एवढं बघितलं तरी अर्धे बंपर बाद होतात. चॅसीवर वेल्डिंग करतो म्हणणारा भेटला तर चहा प्या आणि निघा.

ऑनलाइनचं एक सांगतो. मागे एक पोरगा खोक्यातला नवाकोरा बंपर घेऊन आला, चारपैकी दोन बोल्ट बसले आणि उरलेली दोन भोकं ५-६ एमएमने बाहेर. विकणारा म्हणे तुमची गाडीच वाकडी असेल. तासभर कानस मारून भोकं लांबट केली, वर जाड वॉशर टाकले तेव्हा बसला, आणि नवीन कोटिंग तिथेच गेलं. गाडी घेऊन जाता येईल अशाच ठिकाणाहून घ्या, लावून बघा, मग पैसे द्या.

चिखल्या_पुणे
फळीची आयडिया भारी काका, रविवारी करतो. पण एक शंका, टो-बॉल असला तर कुणाला ओढायला किंवा मला ओढायला बरा नाही का? गेल्या वेळी ट्रॅक्टरवाल्याने ओढायला घेतलं आणि दोरी अडकवायला मागे काय मिळेना, शेवटी त्याने कुठेतरी खाली अडकवली.

भोसरी_फॅब
नाही नाही नाही. टो-बॉल ट्रेलर ओढायला असतो. चिखलात रुतलेल्या गाडीला झटका देऊन काढताना तो तुटला की तोफेच्या गोळ्यासारखा समोरच्या काचेतून आत येतो, बाहेरच्या देशात यात माणसं मेलेली आहेत. ट्रॅक्टरवाल्याने खाली कुठे अडकवली तेपण एकदा वाकून बघून घ्या बरं, पाइप किंवा सस्पेन्शनचा एखादा आर्म असेल तर वाकलेला असायचा.

तुम्हाला हवेत दोन शॅकल पॉइंट, म्हणजे ओढायची लोखंडी कडी (शॅकल) अडकवायचे भोकाचे कान. ४.७५ टनाचा बो शॅकल म्हणजे १९ एमएमचा, त्याची पिन २२ एमएमची असते, तर भोक त्या मापाचं पाहिजे आणि तो कान बंपरच्या पत्र्यावर चिकटवलेला नको, पत्र्यातून आरपार जाऊन मागे चॅसीच्या ब्रॅकेटला जोडलेला पाहिजे. हाताने हलवून काही कळत नाही, वाकून मागून बघायचं. नुसत्या पत्र्याला कान असेल तर काढताना गाडी चिखलातच राहते आणि बंपर ट्रॅक्टरबरोबर गावात जातो.

कुडाळ_४बाय४
कोकणात दोनदा येतोस म्हणालास म्हणून लिहितोय. आमच्याकडे नुसतं पावडर कोटिंग दोन पावसाळे काढत नाही. दगडाने एक कपची उडाली की आतून गंज पसरत जातो आणि वरून सगळं काळं चकचकीत, एक दिवस बोटाने दाबलं की पापुद्रा निघतो. कोटिंगच्या खाली झिंक प्रायमर मारून घे. बंद पाइप असेल तर खालच्या बाजूला पाणी निघायला भोक आहे का बघ, माझ्या पाइपाला नव्हतं, गाडी वळली की आत पाणी डुचमळल्याचा आवाज यायचा, मला वाटलं टाकीचा आहे 🤦 शेवटी ड्रिल मारला तर लाल चहा बाहेर आला.

आणि तो स्टेपनीचा स्टँड, रोजच्या गाडीला नको रे. दप्तर टाकायला आधी स्टँड उघडा मग दरवाजा, पार्किंगमध्ये मागे भिंत असली की संपलं. बुश झिजला की रात्रंदिवस खडखड.

इन्शुरन्सवाली_नाशिक
सगळे लोखंडावर बोलताहेत म्हणून कागदाचं सांगते. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय वाहतूक मंत्रालयाने राज्यांना क्रॅशगार्ड आणि बुलबारवर कारवाई करायला सांगितलं होतं, आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ (४) खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मागच्या बंपरला रस्त्यात कोणी अडवत नाही म्हणून तो चालतो असं समजू नका. लावण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर पहिला फोटो मागूनच काढतो. रिफ्लेक्टर, मागचा फॉगलॅम्प, नंबरप्लेट आणि तिचा दिवा यातलं काहीही झाकलं जाता कामा नये. सेन्सर आहेत ना गाडीला? त्यांची भोकं मूळ उंचीवर आणि कोनात नसतील तर रिव्हर्स टाकला की पूर्णवेळ केकाटत बसतील.

जिप्सीकाका
ताईंचं बरोबर आहे. आणि पोरा, तिसरा पर्याय कोणी सांगितलाच नाही. कंपनीचाच प्लास्टिकचा परत घे. प्लास्टिक दगडाला लागलं की वाकतं, फाटतं, पण तो मार चॅसीपर्यंत जात नाही. मागून कोणी ठोकलं तर कडक लोखंड तोच धक्का सरळ आत पाठवतं. महिन्यातून एकदा चिखल म्हणजे दोन वर्षांत एक बंपर जाईल फार तर. ओढायचे पॉइंट तेवढे चॅसीला स्वतंत्र करून घे.

चिखल्या_पुणे
सगळ्यांना धन्यवाद, एवढं कोणी नातेवाईक पण समजावत नाहीत. प्लेटवाला रद्द. रविवारी फळी लावली, फाटक्या बंपरसकट ३६ च्या आसपास आला. मित्राच्या गाडीला तोच प्लेटवाला आणि टो-बॉल आहे, तिथे ३० सुद्धा आला नाही, तो आता माझ्याशी नीट बोलत नाहीये. खाली वाकून पाहिलं तर ट्रॅक्टरवाल्याने दोरी चॅसीच्या क्रॉसमेंबरला (आडव्या दांड्याला) अडकवली होती, वाचलो.

सध्या कंपनीचा बंपर ऑर्डर केलाय, आणि चॅसीला दोन शॅकल ब्रॅकेट बघतोय, आरटीओत एकदा विचारून. फाटका जुना फेकू का?

भोसरी_फॅब
फेकू नका. पुढच्या वेळी चिखलात जाताना नवीन काढून तोच लावून जा.

चिखल्या_पुणे
माळ्यावर टाकला. आई विचारतेय हे गणपतीच्या मखराचं आहे का.