सूचना द्यायचीच तर नेमकी द्या

पारिजातक: आत्महत्या, लैंगिक अत्याचार, गर्भपात अशा विषयांवर लिहिताना सुरुवातीला एका ओळीची पूर्वसूचना असावी, असं माझं ठाम मत आहे. पण हल्ली लोक नुसतं 'संवेदनशील मजकूर' लिहून मोकळे होतात. त्यातून वाचणाऱ्याला काय कळणार? जिचं बाळ पोटातच गेलं, तिला युद्धावरचा लेख वाचायला काहीच अडचण नसेल. 'पुढे गर्भपाताचं तपशीलवार वर्णन आहे' असं लिहा. मग आत्ता वाचायचं, नंतर वाचायचं की सोडून द्यायचं, हे तिचं ती ठरवेल. आणि सूचनेखालचा मजकूर झाकलेला ठेवा. लगेच खाली फोटो दिसत असेल तर सूचना दिली काय नि न दिली काय!

आडवाट: असहमत. ब्रिजलँड, जोन्स आणि बेलेट या संशोधकांनी 2023 साली अशा पूर्वसूचनांवरच्या तोवरच्या प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केलं. सूचनेमुळे मजकुराचा त्रास कमी झाला नाही, वाचण्याआधीची धास्ती मात्र वाढली. लोकांनी तो मजकूर टाळला, असंही दिसलं नाही. शिवाय आघातानंतरच्या मानसिक विकारात टाळाटाळ हेच एक मुख्य लक्षण असतं. उपचारात टाळलेल्या गोष्टीला हळूहळू सामोरं जायला शिकवतात आणि आपण इथे टाळायची सोय करून देतोय.

पारिजातक: विश्लेषण मान्य. त्रास कमी होईल असा माझा दावाच नाही. पण उपचारात सामोरं जाणं ठरवून होतं, सोबत तज्ज्ञ असतो, वेग रुग्णाच्या कलाने ठरतो. फोन चाळताना अचानक समोर आलेलं बलात्काराचं वर्णन म्हणजे उपचार नव्हे.

आडवाट: हे पटलं. तरी एक सांगा, स्वतःवर झालेला अत्याचार कुणी पहिल्यांदाच बोलून दाखवतं आणि खाली पहिला प्रतिसाद येतो, 'सूचना का नाही टाकली?' मला हे क्रूर वाटतं.

शिंपला: क्रूरच आहे. तिथे संपादकांनी लिहिणाऱ्याला कळवून सूचना जोडावी, चारचौघांत टोकू नये. मला खटकतं ते वेगळंच. सूचना टाकली की काहीही लिहायची मुभा मिळाली, असं काहींना वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने माध्यमांना स्पष्ट सांगितलंय की आत्महत्येच्या पद्धतीचं वर्णन करू नका, कारण अनुकरणाचा धोका असतो. तिथे सूचना पुरत नाही, तो तपशीलच काढायला हवा.

आणि झगमगत्या चित्रफिती कशा विसरलात? डिसेंबर 1997 मध्ये जपानमध्ये एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या झगमगाटामुळे सहाशेहून अधिक जणांना, मुख्यतः मुलांना, रुग्णालयात न्यावं लागलं होतं. अशा झगमगाटाने ज्यांना झटके येतात, त्यांच्यासाठी टाळणं हा मुख्य उपाय आहे.

आडवाट: चित्रफितींबाबत पूर्ण सहमत, तिथे सक्तीही चालेल. लेखनाला मात्र सक्ती नको.

पारिजातक: सक्ती मीही मागत नाही. ज्याला स्वतःचं दुःख सांगायचंय, त्याने जमेल तसं सांगावं. पण जे दुसऱ्याच्या दुःखाची बातमी पुढे पाठवतात, त्यांना एक ओळ लिहायला काय हरकत आहे?