मदत हवी आहे: छोट्या धार्मिक कॉलेजचा क्लेरी अहवाल, सगळीकडे शून्य लिहिलं तर चालेल का?

नवखी_कारकून

अमेरिकेतल्या एका छोट्या ख्रिस्ती कॉलेजचा २०२६ चा वार्षिक सुरक्षा अहवाल (क्लेरी कायद्याखाली कॅम्पसवरच्या गुन्ह्यांचे आकडे दरवर्षी जाहीर करायचे तो) करायचं काम गळ्यात पडलंय. मुदत १ ऑक्टोबर. विद्यार्थी साडेतीनशेच्या आसपास, एक वसतिगृह, कॅम्पस पोलीस नाहीत, रात्री एका एजन्सीचा गार्ड असतो. जुन्या अहवालांत तक्त्याला वरपासून खालपर्यंत शून्यं आहेत आणि "तेच पुढे ओढा" असं सांगण्यात आलंय. अडलेल्या गोष्टी:

१. चॅप्लेनच (कॉलेजचे पाद्री) विद्यार्थ्यांचे डीनही आहेत. त्यांच्या कानावर आलेलं सगळं गुप्त, असं इथे धरतात. बरोबर आहे का?
२. गार्ड बाहेरचा आहे, तरी रोजची गुन्हे-नोंदवही लागते का?
३. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळचे वर्ग शेजारच्या गावातल्या चर्चच्या तळघरात भरतात. लेखी करार आहे, भाडं नाही. ती जागा धरायची का?
४. आचारसंहितेत दारू पूर्ण बंद आहे. पकडलेला प्रत्येक जण मोजायचा का?

आणि धार्मिक संस्था म्हणून काही सूट मिळते का?

कागदपत्री

शेवटच्यापासून सुरू करतो. सूट नाही. धार्मिक सवलत आहे ती टायटल नाइनमध्ये, म्हणजे शिक्षणात लिंगभेदाला बंदी करणाऱ्या कायद्यात. क्लेरीत तसं कलम नाही. कॉलेज पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांसाठी केंद्राचं अनुदान) किंवा फेडरल कर्ज यांपैकी काहीही घेत असेल तर क्लेरी लागू. ग्रोव्ह सिटी आणि हिल्सडेल ही ख्रिस्ती कॉलेजं यातून बाहेर आहेत ती केंद्राची मदतच घेत नाहीत म्हणून. उलट लिबर्टी या ख्रिस्ती युनिव्हर्सिटीला मार्च २०२४ मध्ये याच कायद्याखाली १ कोटी ४० लाख डॉलरचा दंड बसला. ती संस्था प्रचंड मोठी आहे हे खरं, पण दंडाचा दर दर उल्लंघनामागे असतो, २०२४ मध्ये तो जास्तीत जास्त ६९,७३३ डॉलर होता. चुकलेला एकेक आकडा वेगळं उल्लंघन ठरू शकतो.

आता चॅप्लेन. हा तुमच्या अहवालातला सगळ्यात नाजूक सांधा. कायद्यात 'कॅम्पस सिक्युरिटी ऑथॉरिटी' (पुढे सीएसए) म्हणजे ज्यांच्या कानावर गुन्हा आला की तो मोजलाच पाहिजे अशी माणसं: सुरक्षा कर्मचारी, तक्रार घ्यायला नेमलेले लोक, आणि विद्यार्थ्यांच्या कामकाजाची मोठी जबाबदारी असलेले अधिकारी. डीन तिसऱ्या गटात सरळ येतात. यातून सुटतो तो पास्टरल काउन्सेलर (समुपदेशन करणारा धर्मगुरू), पण त्याला अटी आहेत. संप्रदायाने गोपनीय समुपदेशनासाठी त्याला मान्यता दिलेली हवी आणि ऐकताना तो त्याच भूमिकेत हवा. नुसती दीक्षा झालेली असणं पुरत नाही. एकाच माणसाकडे दोन खुर्च्या असतील आणि त्यातली एक डीनची असेल, तर तो सीएसए.

उपाय दोन. खुर्च्या वेगळ्या करा, म्हणजे डीन नसलेल्या एखाद्या पाद्र्याला लेखी नेमणूक द्या आणि त्याचं नाव अहवालात गोपनीय मार्ग म्हणून छापा. ते जमत नसेल तर चॅप्लेनना सीएसएच्या यादीत घाला आणि विद्यार्थ्यांना तसं आधीच सांगा. वाईट होतं ते तिसऱ्या प्रकारात: मुलगी 'फादरना' म्हणून सांगते, ते डीन म्हणून खोली बदलून देतात, आणि आकड्यांत काहीच येत नाही. खोली बदलल्याचा कागद मात्र फायलीत असतो, आणि तपासणीत पहिल्यांदा तोच हाती लागतो.

यात नाव कळवायचं नसतं हे त्यांना आवर्जून सांगा. काय घडलं, कुठे, कधी घडलं, कधी कळलं, एवढं पुरे. सीएसएने तपास करायचा नाही, नुसतं पुढे द्यायचं.

रात्रपाळी

गार्ड एजन्सीचा असला तरी तो तुमचा सुरक्षा विभागच धरला जातो. त्यामुळे नोंदवही लागते. गुन्ह्याचा प्रकार, घडल्याची तारीख-वेळ, कळल्याची तारीख, ढोबळ जागा आणि प्रकरणाची स्थिती. कळल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत नोंद. शेवटच्या ६० दिवसांची पानं कुणीही मागितली तर ऑफिसच्या वेळात तिथल्या तिथे दाखवायची, त्याआधीची दोन कामकाजाच्या दिवसांत. या वहीत क्लेरीच्या तक्त्यात न बसणारे गुन्हेही येतात, उदा. वाचनालयातून गेलेला फोन. गार्डच्या कंत्राटात "घटना सकाळी लेखी कळवणे" हे वाक्य नसेल तर आधी ते घाला. नाहीतर त्याचे कागद एजन्सीकडे जातात आणि तुमची वही कोरी राहते.

वसतिगृह आहे म्हणजे आगीची वेगळी नोंदवही आणि अग्निसुरक्षा अहवाल हेही आलं. कचऱ्याच्या डब्यातली विझवलेली आगसुद्धा त्यात लिहायची. बेपत्ता विद्यार्थ्याचं धोरण वसतिगृहवाल्या कॉलेजांना सक्तीचं आहे, ते जुन्या अहवालात आहे का पाहा.

आकडेमोड

दारूचं सोपं आहे. कॉलेजचा नियम मोडला म्हणून मोजायचं नाही, कायदा मोडला तर मोजायचं. २२ वर्षांचा विद्यार्थी खोलीत बिअर पिताना सापडला आणि शिस्त समितीपुढे गेला तर तक्त्यात शून्य, कारण पिण्याचं कायदेशीर वय २१. त्याच खोलीत १९ वर्षांचे दोघे असतील आणि तेही समितीपुढे गेले, तर दोन 'रेफरल'. मोजणी माणसागणिक, घटनेगणिक नाही. नुसतं झिंगलेलं असणं आणि दारू पिऊन गाडी चालवणं या रकान्यात येत नाही. धार्मिक कॉलेजांत इथे दोन्ही बाजूंनी चूक होते. कुणी सगळेच मोजतं, तर कुणी "ते आमचं आचारसंहितेचं प्रकरण" म्हणून एकही मोजत नाही.

चोरीतही असाच घोळ. वसतिगृहाच्या खोलीत बाहेरच्याने शिरून लॅपटॉप नेला तर ती बर्गलरी (घरफोडी), दार उघडं असलं तरी. रूममेटने नेला तर साधी चोरी, कारण त्याला आत यायचा हक्क होता. वाचनालयाच्या टेबलावरून गेला तर तीही साधी चोरी, आणि ती द्वेषातून झालेली नसेल तर तक्त्यात येतच नाही. एका रात्रीत वसतिगृहाच्या तीन खोल्या फोडल्या तर बर्गलरी तीन. तेच एका इमारतीतली प्राध्यापकांची पाच ऑफिसं एका फेरीत फोडली तर एक. विचित्र वाटतं, पण प्रत्येक खोली म्हणजे स्वतंत्र घर असा त्यामागचा हिशेब आहे.

आणखी दोन फसवी ठिकाणं. वर्ष कुठलं धरायचं? गुन्हा कळला ते. २०२३ चा प्रसंग २०२५ मध्ये सांगितला तर तो २०२५ च्या रकान्यात. आणि "समितीला पुरावा मिळाला नाही" म्हणून आकडा काढता येत नाही. तक्रार निराधार ठरवण्याचा अधिकार फक्त पोलिसांना, आणि तशा ठरलेल्या तक्रारींचीही संख्या छापावी लागते.

कागदपत्री

चर्चचं राहिलं. लेखी करार म्हणजे ताबा, भाडं असो वा नसो. विद्यार्थी नियमित जातात, शिक्षणासाठीच जातात, म्हणून ती 'नॉनकॅम्पस' जागा, म्हणजे कॅम्पसबाहेरची पण आकड्यांत धरायची. पण फक्त करारातले दिवस आणि तास, तेवढ्या खोल्या आणि तिथवर जायचा जिना-बोळ. रविवारी चर्चच्या अंगणात काही झालं तर ते तुमचं नाही. त्या गावच्या पोलिसांनाही पत्र मात्र जायला हवं. कॉलेजपुढचा रस्ता धरताना अलीकडचा फुटपाथ, रस्ता आणि पलीकडचा फुटपाथ, एवढं धरा. पलीकडची घरं नाहीत.

पोलिसांच्या पत्रात "आमच्या कॉलेजातले गुन्हे कळवा" एवढंच लिहिलं तर उत्तर निरुपयोगी येतं. प्रत्येक इमारतीचा घर क्रमांक, रस्त्यांची नावं कुठून कुठपर्यंत, वर्ष आणि गुन्ह्यांची यादी द्या. उत्तर आलंच पाहिजे असं बंधन तुमच्यावर नाही, मागितल्याचा पुरावा हवा. पत्र आणि स्मरणपत्र दोन्ही फाइल करा. सप्टेंबरात पाठवू नका, जानेवारी-फेब्रुवारीतच जायला हवं.

म्हणून शून्याबद्दल: शून्य चालतं. पण त्यामागे सीएसएंची यादी, प्रत्येकाचं "काही कळलं नाही" असं सहीचं उत्तर आणि पोलिसांना पाठवलेलं पत्र हवं. यादीत प्रशिक्षक, वसतिगृहाचे विद्यार्थी-सहायक आणि क्लबांचे सल्लागार घ्या. फक्त वर्गात शिकवणारे आणि खानावळीतले नकोत. काहीजण सगळ्या स्टाफलाच सीएसए करून टाकतात, मग कुणीच फॉर्म भरत नाही.

यंदा हेझिंगचा (गटात घेताना होणाऱ्या छळाचा) रकाना नवा आहे, २०२५ च्या आकड्यांपासून. आपल्याकडचं रॅगिंग आणि हे तंतोतंत एक नाही. इथे गटात शिरणं किंवा टिकणं याच्याशी संबंध लागतो. गट कॉलेजने मान्य केलेला असायलाच हवा असंही नाही.

नवखी_कारकून

सगळ्यांचे आभार. जुन्या फायलींत खोली बदलल्याचे दोन अर्ज सापडले, २०२४ चे, कारणासकट. दोन्ही तक्त्यात असायला हवे होते. आता काय? आणि शिक्षण खात्याचं २०१६ चं क्लेरी हँडबुक ऑफिसात आहे, ते वापरू का?

कागदपत्री

हँडबुक ऑक्टोबर २०२० मध्ये रद्द झालं. उदाहरणं समजून घ्यायला वाचा, पण अहवालात त्याचा हवाला नको. सध्याचं मार्गदर्शन फेडरल स्टुडंट एडच्या (शिक्षण खात्याचा विद्यार्थी-मदत विभाग) हँडबुकातल्या क्लेरी परिशिष्टात आहे.

जुने आकडे: यंदाच्या अहवालात २०२३, २४ आणि २५ येतातच, तिथे २०२४ चा खरा आकडा घाला आणि खाली टीप द्या की आधी छापलेला आकडा दुरुस्त केला आहे. गेल्या वर्षीचा अहवाल अजून साइटवर असेल तर तोही बदला आणि विद्यार्थी-कर्मचाऱ्यांना दुव्यासह पुन्हा कळवा. शिक्षण खात्याच्या ऑनलाइन सर्व्हेत मागच्या वर्षाचे आकडे बदलायला हेल्पडेस्कशी बोला. हे सगळं वकिलांना दाखवून करा, पण त्यांची वाट बघण्यात १ ऑक्टोबर निसटू देऊ नका. आणि ते दोन अर्ज जपून ठेवा, ज्या शेवटच्या अहवालात तो आकडा येतो त्यानंतर तीन वर्षं, म्हणजे सगळी मिळून सात धरा.