पुण्यातील सिटी चर्च : पेशवाईतील इनाम जमीन

पुण्यातील सर्व चर्च इंग्रजांच्या छावणीबरोबर आली, असे म्हटले जाते. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला हे विधान लागू पडत नाही. पेशव्यांच्या फौजेत, विशेषतः तोफखान्यात, पोर्तुगीज व गोमंतकीय कॅथलिकांचा भरणा होता आणि त्यांच्या उपासनेची सोय व्हावी म्हणून सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत दिलेल्या जागेवर 1792 मध्ये हे चर्च उभे राहिले. म्हणजे पुणे इंग्रजांच्या हाती गेले त्या 1817 च्या खडकीच्या लढाईच्या तब्बल 25 वर्षे आधी. वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांशी निकराने लढलेल्या मराठ्यांनी अवघ्या अर्धशतकात त्यांच्याच धर्मबांधवांना राजधानीत जागा द्यावी, यात मला औदार्याइतकाच लष्करी व्यवहार दिसतो, कारण कसबी गोलंदाज टिकवायचे तर त्यांच्या पाद्रीचीही व्यवस्था लावणे भाग होते. चर्च निष्कलंक गर्भसंभवाच्या मातेला, म्हणजे येशूची आई मरियेला, वाहिलेले आहे, आणि हीच माता 1646 पासून पोर्तुगालची संरक्षक मानली जाते, हा धागाही लक्षात घेण्याजोगा आहे. आज दिसणारी वास्तू मात्र मूळची नव्हे; ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील आहे. छावणीशी खरा संबंध आहे तो आयरिश सैनिकांसाठी 1850 मध्ये बांधलेल्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलचा.