मदत हवी आहे: पेप्टाइडचं सीरम चालू ठेवू की बंद करू?

वय ४८. डोळ्यांच्या कडेला आणि कपाळावर रेषा दिसायला लागल्यात. दिवाळीला भाचीने सीरम दिलं, ३० मिलीची बाटली, वर ठळक ‘१० टक्के पेप्टाइड’ (म्हणजे प्रथिनाचे छोटे तुकडे). तीन महिने रोज रात्री न चुकता लावतेय. चेहरा मऊ लागतो, पण रेषा जिथल्या तिथे. आणि मऊपणा काय, नुसत्या ग्लिसरिननेही येतो. पार्लरवाली म्हणते, सुई न टोचता बोटॉक्सच आहे हे!

परवा चष्मा लावून मागची घटकांची यादी वाचली, जास्त असेल ते आधी लिहितात ती. पाणी, ग्लिसरिन, मग बरंच काही, मग फेनॉक्सीइथेनॉल (टिकाऊपणासाठी घालतात ते), आणि त्याच्याही मागे पामिटॉइल पेंटापेप्टाइड-४ आणि अॅसिटिल हेक्झापेप्टाइड-८. फेनॉक्सीइथेनॉल १ टक्क्यापेक्षा जास्त घालत नाहीत ना? मग हे १० टक्के कशाचे? भाचीला विचारायचं जिवावर येतं.

प्रतिसाद १: ताई, ते १० टक्के बहुधा तयार द्रावणाचे. त्यात पेप्टाइड चिमूटभर, बाकी पाणी वगैरे. पण चिमूटभर म्हणजे निकामी असंही नाही. २००५ साली ९३ बायकांवर १२ आठवडे याच पामिटॉइल पेंटापेप्टाइडची चाचणी झाली. प्रमाण होतं दहा लाखांत ३ भाग, तरी बारीक रेषा थोड्या कमी झाल्या. चाचणी करणारे कंपनीचेच लोक होते, तेवढं लक्षात ठेवा. ‘पामिटॉइल’ म्हणजे पेप्टाइडला जोडलेलं स्निग्धाम्ल, त्वचेच्या तेलकट थरातून आत शिरायला सोपं जावं म्हणून. दुसऱ्याचं, म्हणजे हेक्झापेप्टाइडचं म्हणाल तर स्नायू सैल करायला बोटॉक्स जे प्रथिन तोडतं, त्याच्या एका तुकड्याची ती नक्कल आहे. पण बोटॉक्स सुईने थेट स्नायूत जातं, हे वरून चोपडायचं. पार्लरवालीचं सोडा.
दिवसा सनस्क्रीन लावता का?

धागाकर्ती: नाही हो. स्कूटरवर स्कार्फ बांधते, तेवढं पुरे असं वाटायचं.

प्रतिसाद २: मग आधी एसपीएफ ३० किंवा ५० घ्या, रोज, ढगाळ हवेतही. रेषांसाठी सगळ्यात भक्कम पुरावा ट्रेटिनॉइनचा (अ जीवनसत्त्वाच्या जातीचं, लावायचं औषध) आहे, पण ते त्वचेच्या डॉक्टरांना दाखवूनच. आग होते, सालं निघतात, आणि गरोदरपणात अजिबात चालत नाही.

धागाकर्ती: गरोदरपणाचा प्रश्न मिटला आता! डॉक्टरांची वेळ घेते. बाटली अर्धी उरलीय, ती मानेला लावून संपवते. भाचीला सांगेन, छान आहे म्हणून.