बँड बदलणे आणि चिकाटी

स्थानिक रॉक वादकाने तीस-चाळीस वर्षांत अनेक बँड बदलले म्हणजे त्याच्यात चिकाटी नव्हती, असे काही जण म्हणतात; हे मत मला पटत नाही. बँड बहुधा सदस्यांच्या नोकऱ्या, संसार आणि सरावाच्या जागेची अडचण यांमुळे मोडतात. अशा वेळी जो ड्रमवादक नव्या गायकाशी, नव्या लयीशी जुळवून घेत पुन्हा उभा राहतो, त्याची चिकाटी उलट अधिकच म्हणावी लागेल.

इतकी वर्षे वाजवणाऱ्यांच्या बाबतीत मोठ्या आवाजाने कानांना होणाऱ्या इजेचा मुद्दाही लक्षात घ्यायला हवा. ८५ डेसिबलचा आवाज ८ तास सोसण्याजोगा मानला, तर दर ३ डेसिबलच्या वाढीला ती मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरतात. त्यामुळे इअरप्लग कार्यक्रमाइतकेच सरावालाही आवश्यक आहेत.